व्हिडिओ पूर्ण पाहिला, पण पिन निघेना

वाचकाचं पत्र

नमस्कार. बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात मी एचआरमध्ये आहे. आमच्याकडे स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि प्रेशर व्हेसल बनतात. १४० माणसं आहेत, त्यातली निम्मी कंत्राटी. गेल्या वर्षापासून ट्रेनिंगचं काम माझ्याकडे आलंय. पूर्वी सगळं ट्रेनिंग हॉलमध्ये व्हायचं. सत्तर-सत्तर माणसं बसवायची, प्रोजेक्टर लावायचा, मध्ये चहा-बिस्किटं. मग साहेबांनी ऑनलाइन कोर्सचं पॅकेज घेतलं. मोबाइलवर व्हिडिओ बघायचा, शेवटी दहा प्रश्न, पास झालं की सर्टिफिकेट. ९६ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला, साहेब खूश झाले. पण गेल्या महिन्यात मॉकड्रिल झालं. चौघांना आग विझवायचा सिलिंडर चालवायला सांगितला. चौघांनाही ऑनलाइन परीक्षेत दहापैकी दहा होते. तिघांच्या हातून पिनच निघेना. त्यातला एक वेल्डर सगळ्यांसमोर सिलिंडर खाली ठेवून निघून गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. आमचे जुने मिस्त्री, त्यांना सगळे काकाच म्हणतात, मला म्हणाले, 'बेन, मोबाइलमधून ठिणगी अंगावर उडते का?' त्यांना सगळं परत हॉलमध्ये हवंय. साहेब म्हणतात, तिमाहीत दोन दिवसांपेक्षा जास्त हॉल मिळणार नाही, प्रॉडक्शन थांबतं. आणि ऑनलाइन तितकंच चांगलं असतं असं संशोधनच सांगतं, असंही म्हणतात. पुढच्या महिन्यात टाकीत उतरून काम करणाऱ्या ६० जणांचं ट्रेनिंग लावायचंय आणि मला खरंच भीती वाटते. ऑनलाइन की वर्ग? दोन्ही करायचं तर कसं? कृपया नाव छापू नये.

उत्तर

ताई, आधी त्या पिनबद्दल बोलू.

घाबरलेला माणूस सिलिंडर उचलतो तेव्हा तो हँडल गच्च धरतो. वरचा दांडा आणि खालचा दांडा दोन्ही एकाच मुठीत येतात. ते दाबले गेले की मधली पिन भोकात आवळली जाते. मग दुसऱ्या हाताने कितीही ओढा, ती हलत नाही. ती हलत नाही म्हणून माणूस आणखी घाबरतो आणि मूठ आणखी आवळतो. उपाय अगदी साधा आहे. सिलिंडर जमिनीवर टेकवायचा, मूठ सैल सोडायची, पिन जराशी पिळायची म्हणजे तिचं सील तुटतं, आणि मग ओढायची. दोन सेकंदांचं काम. पण हे व्हिडिओत कुठे दिसणार? व्हिडिओतला माणूस शांत असतो, इस्त्रीचे कपडे घालून उभा असतो, त्याची मूठ आवळलेलीच नसते.

तुमच्या त्या तिघांना पिन काढायची, नळी आगीच्या बुडाशी रोखायची, दांडा दाबायचा, डावीकडून उजवीकडे फिरवायचं, हे सगळं पाठ होतं. दहापैकी दहा खरेच होते. त्यांनी कॉपी केली नाही, टाळाटाळ केली नाही. त्यांना जे विचारलं त्याचं उत्तर त्यांनी दिलं. त्यांच्या मुठीला मात्र कुणी काही विचारलंच नव्हतं. म्हणून पहिली विनंती ही की, त्या मॉकड्रिलचा राग किंवा शरम त्या तिघांच्या वाट्याला जाऊ देऊ नका.

आता काकांचं. त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं, पण त्यांनी सुचवलेला उपाय पटत नाही. सगळं परत हॉलमध्ये नेलंत तरी पिन निघणार नाही. सत्तर माणसं, एक प्रोजेक्टर आणि पुढे बोलणारा एक माणूस, यात किती जणांच्या हातात सिलिंडर आला होता? एकाच्याही नाही. मागच्या चार रांगांना पडदासुद्धा नीट दिसत नसणार. म्हणजे तुमचा जुना वर्गही एक व्हिडिओच होता, फक्त तो थांबवता येत नव्हता आणि परत बघता येत नव्हता. भांडण मोबाइल आणि हॉल यांच्यात नाहीच. प्रत्येक विषयाला एकच प्रश्न विचारा: इथे माणूस चुकतो ते नेमकं कुठे? समजण्यात चुकत असेल तर ते पडद्यावर शिकवता येतं, आणि बऱ्याचदा पडद्यावर जास्त चांगलं, कारण त्याला तेच पाच वेळा बघता येतं आणि परत विचारायची लाज वाटत नाही. हात चुकत असेल, घाबरून चुकत असेल, चार जणांसमोर बोलायला कचरून चुकत असेल, तर शेजारी माणूस लागतो.

साहेबांच्या संशोधनाबद्दल. त्यांनी ऐकलंय ते खोटं नाही. २००९ साली अमेरिकेच्या शिक्षण खात्याने पुष्कळ अभ्यास एकत्र करून एक मोठा अहवाल काढला. निव्वळ ऑनलाइन शिकलेले विद्यार्थी सरासरीने वर्गात शिकलेल्यांपेक्षा किंचित सरस ठरले होते, आणि दोन्ही मिळून शिकलेल्यांची आघाडी त्याहून जास्त होती. पण त्याच अहवालाने बजावलं होतं की, दोन्ही मिळून शिकणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी वेळ जास्त मिळाला होता आणि अभ्यासाचं साहित्यही वेगळं होतं, तेव्हा सगळं श्रेय माध्यमाला देऊ नका. साहेबांना हे दुसरं वाक्यही वाचून दाखवा. पैसे वाचवायला वर्ग कापला आणि त्या जागी व्हिडिओ चिकटवला, तर त्या अहवालातला फायदा मिळेल असं कुणीही म्हटलेलं नाही.

आता तुमची खरी काळजी, टाकीत उतरणारी ६० माणसं. ती भीती रास्त आहे आणि ती जपून ठेवा. इथे मी जरा सविस्तर लिहितो.

तुमच्याकडे स्टेनलेस स्टील आहे म्हणजे वेल्डिंगला लागणारा आरगॉन वायू असणारच. वेल्डच्या मागच्या बाजूने हवा लागली तर मणी, म्हणजे वेल्डची रेघ, काळा पडतो, खडबडीत होतो, म्हणून आतून आरगॉन भरतात. आरगॉनला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेपेक्षा साधारण सव्वा ते दीड पट जड. म्हणजे तो टाकीच्या बुडाशी पाण्यासारखा साचून राहतो. नेहमीच्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की आत उतरायचं नाही, हा पुष्कळ ठिकाणी पाळला जाणारा आकडा. फारच कमी असेल तर माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. त्याला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, कारण श्वास तर आत-बाहेर चाललेलाच असतो.

एवढा परिच्छेद पडद्यासाठी उत्तम आहे. काचेच्या बरणीत मेणबत्ती लावून वरून आरगॉन सोडला की ज्योत पटकन विझते. ते काकांच्याच देखरेखीखाली, मोकळ्या हवेत, मोबाइलवर टिपून घ्या. ते दोन मिनिटांचं चित्रण पाहिलेला माणूस आयुष्यभर विसरणार नाही. हॉलमध्ये हे मागच्या रांगेला दिसलं नसतं. परमिटचा, म्हणजे टाकीत उतरायच्या लेखी परवानगीचा, फॉर्म कसा वाचायचा, कुणाची सही कुठे, आतली हवा तपासणाऱ्या गॅस मीटरवरचा कुठला आकडा कशाचा, हेही पडद्यावर द्या. सगळ्यांना एकच सांगायचं असतं आणि पुनःपुन्हा सांगावं लागतं अशा या गोष्टी.

आणि मग खरा मीटर हातात द्या, तेव्हा काय होतं ते बघा. माणूस नळी मॅनहोलमधून आत सोडतो, पडद्यावर २०.९ दिसतं, तो लगेच नळी वर ओढतो आणि म्हणतो, ओके. पण नळी लांब असेल तर तळाची हवा मीटरपर्यंत यायला वेळ लागतो. किती, ते त्या मीटरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. त्याने वाचलेला आकडा नळीत आधीच असलेल्या बाहेरच्या हवेचा होता. शिवाय त्याने नळी हातभरच सोडली. वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी हवा तपासायची हे त्याला क्विझमध्ये बरोबर आलं होतं, पण नळीवर खूण नसल्याने तळ कुठे हे त्याच्या हाताला कळलं नाही. काकांना सांगून नळीवर टेपच्या खुणा करून घ्या आणि प्रत्येकाकडून, प्रत्येकाकडून, एकदा सावकाश मोजून घ्या. एकाला तीन मिनिटं लागतील. या तीन मिनिटांना पर्याय नाही.

याहून अवघड गोष्ट आहे बाहेर उभ्या राहणाऱ्याची. टाकीच्या तोंडाशी जो होल वॉचर असतो, त्याचं एकच काम: आत नजर ठेवायची, काही झालं तर ओरडायचं, अलार्म द्यायचा, दोरी असेल तर ओढायची, आणि आत शिरायचं नाही. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेने १९८६ साली इशारा दिला होता की, अशा बंदिस्त जागांत मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त माणसं ही दुसऱ्याला वाचवायला आत गेलेली होती. हे वाक्य तुम्ही व्हिडिओत घालाल आणि सगळे मान डोलावतील. पण ताई, आत पडलेला त्याचा गाववाला असतो. कधी सख्खा भाऊ असतो, कंत्राटदाराकडे दोघे एकाच दिवशी लागलेले असतात. तो कसा बाहेर उभा राहील?

हे शिकवायला वर्ग हवा, आणि छोटा हवा. एक जुना बॉयलर सूट चिंध्यांनी भरा, दोरीला हार्नेस लावून रिकाम्या, तपासलेल्या टाकीत ठेवा. एकाला होल वॉचर करा. आत कुणी काम करतंय असं वाटावं म्हणून ठोकण्याचा आवाज चालू ठेवा, मध्येच तो बंद करा आणि बघा होल वॉचर काय करतो. बहुतेक जण पहिल्या खेपेला एक पाय मॅनहोलमध्ये टाकतात. रागावू नका. तिथेच खाली बसा आणि त्यांना बोलू द्या. कुणीतरी म्हणेल, 'मी बाहेर उभा राहिलो तर त्याच्या बायकोला काय तोंड दाखवू?' या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही पॅकेजमध्ये नाही. ते काकांनी द्यायचं, ज्यांनी आयुष्य टाक्यांमध्ये घालवलंय. मग परत एकदा करून घ्या, आणि दुसऱ्या खेपेला तो जागचा न हलता बोंब मारेल तेव्हा टाळ्या वाजवा.

आता दोन दिवसांचा हिशोब. साहेबांनी दिलेले दोन दिवस पुरतात, अट एवढीच की त्यात भाषण करायचं नाही. दिवसाला दीड-दीड तासाच्या चार बॅच धरा. दोन दिवसांत आठ. एका बॅचला बारा माणसं. ६० जणांना पाच बॅच लागतात, तीन उरतात. त्यात ३६ जणांना सिलिंडर चालवायला द्या. सबंध लाइन थांबत नाही, एका वेळी बारा माणसंच मशीनवरून उठतात, हे साहेबांना पटायला हरकत नाही. या सरावासाठी ज्यांची रिफिलिंगची तारीख आली आहे असे सिलिंडर राखून ठेवा. नाहीतरी ते रिकामे करून भरायचेच असतात. सहा किलोचा पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो, हेही अनुभवल्याशिवाय कळत नाही. बहुतेकांना वाटतं तो मिनिटभर तरी चालेल.

पण हे दीड तास तेव्हाच पुरतील, जेव्हा सांगण्याचा भाग आधी पडद्यावर झालेला असेल. तुमची सगळी मदार या जोडावर आहे आणि बहुतेक कंपन्या इथेच घसरतात. मीही घसरलोय. काही वर्षांपूर्वी एका औषधाच्या कारखान्यासाठी मी असाच कार्यक्रम आखला होता. व्हिडिओ आधी पाठवले, मग वर्ग. वर्गात आल्यावर विचारलं, किती जणांनी पाहिला? निम्मे हात वर. मला वाईट वाटलं, उरलेले मागे पडतील म्हणून मी अर्धा तास व्हिडिओतलंच सगळं परत सांगितलं. पुढच्या वर्गाला व्हिडिओ पाहून आलेले तिघेच होते. त्यांचं काय चुकलं? बघितला काय आणि न बघितला काय, सर सांगणारच आहेत. ज्यांनी मेहनत घेतली होती त्यांची मेहनत मीच मोडीत काढली. तो कार्यक्रम चार महिन्यांत बंद पडला आणि कंपनी म्हणाली, आमच्या लोकांना ऑनलाइन जमत नाही. जमत होतं. जमू दिलं नाही ते मी.

म्हणून वर्गाची पहिली दहा मिनिटं कधीही सोडू नका. माणूस आत आला की त्याच्या हातात चुकीचा भरलेला परमिट द्या आणि म्हणा, यात तीन चुका आहेत, जोडीने शोधा. ज्याने पाहिलंय त्याला सापडतात, आणि शेजारच्याला तोच शिकवतो. ज्याने पाहिलं नाही त्याला कोपऱ्यात टॅब देऊन बसवा, आठ मिनिटांत तो बघून येईल. ना ओरडा, ना परत भाषण. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या दोन रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी, जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स यांनी, २००७ च्या सुमारास आपले धडे रेकॉर्ड करून मुलांना घरी बघायला द्यायला सुरुवात केली आणि वर्गाचा वेळ अडलेल्या मुलांशेजारी बसायला वापरला. त्याचं पुढे फार नाव झालं. पण आपल्याकडे मुक्त विद्यापीठातून शिकलेल्या कुणालाही विचारा, पुस्तक घरी आणि रविवारी संपर्क सत्र, ही पद्धत ओळखीचीच आहे. आणि त्या सत्रात सरांनी नुसतं पुस्तक वाचून दाखवलं की पुढच्या रविवारी बाकं रिकामी, हेही ओळखीचंच.

व्हिडिओ घरी बघायला सांगू नका. बारा तास उभा राहिलेला माणूस रात्री चार जणांच्या खोलीत, स्वतःच्या रिचार्जवर, कारखान्याचं ट्रेनिंग बघेल ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याला बघितल्याचं दाखवण्यापुरतं तो ते चालू करून ठेवतो आणि तुमचे ९६ टक्के तयार होतात. ट्रेनिंग हे काम आहे, ते ड्यूटीत आणि पगारात बसलं पाहिजे. यावर मी तडजोड सुचवणार नाही. शॉपफ्लोअरवर मोबाइल बंद असेल तर टूल रूमशेजारी एक टेबल, दोन टॅब, चार हेडफोन, एवढं पुरतं. शिफ्ट सुरू होताना किंवा जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच दहा मिनिटं, तीन-तीन माणसं.

व्हिडिओची लांबी? २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवरच्या कोर्सेसचा एक अभ्यास झाला, ६९ लाख वेळा व्हिडिओ पाहिल्याच्या नोंदी तपासल्या होत्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी निम्मे लोक सहा मिनिटांच्या आतच बाहेर पडत होते. ते तर आपणहून शिकायला आलेले लोक, खुर्चीत बसलेले. मग चाळीस मिनिटांचं मॉड्यूल ग्राइंडिंग करून आलेल्या माणसाने कसं बघावं? चार मिनिटांच्या वर जाऊ नका.

आणि भाषा. तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण विकतचं पॅकेज म्हणजे इंग्रजी, किंवा इंग्रजीवरून केलेली ती हिंदी जी कुणीच बोलत नाही. बडोद्यात बसून आपण हे करावं याचं मला फार वाईट वाटतं. सयाजीरावांच्या पाठिंब्याने १८९० साली याच शहरात कलाभवन सुरू झालं, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने. कारागिरांच्या मुलांना रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम त्यांच्या भाषेत शिकवता आलं पाहिजे, हा गज्जरांचा ध्यास होता. पुढे त्यातूनच विद्यापीठाची इंजिनीअरिंग शाखा उभी राहिली, तुम्ही तिच्यावरून रोज जात असाल. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या गावाला जे कळलं होतं ते आपण पॅकेजवाल्याच्या सोयीसाठी सोडून देतोय. तुमचे व्हिडिओ काकांच्या तोंडून, ते रोज बोलतात त्या हिंदी-गुजराती मिसळीत, तुमच्याच टाकीजवळ, साध्या मोबाइलवर करा. मागे ग्राइंडरचा आवाज आला तरी चालेल; फक्त काकांच्या कॉलरला तीन-चारशे रुपयांचा माइक लावा. माणसाला स्वतःचा कारखाना ओळखू आला की तो लक्ष देतो.

काकांना यात आणायचं कसं, हे तुम्हाला अवघड वाटेल. त्यांना 'सॉफ्टवेअर' या शब्दाने बोलावू नका. त्यांना विचारा: काका, तुम्ही नव्या पोराला नळी कशी धरायची ते आयुष्यात किती वेळा सांगितलंत? ते म्हणतील, मोजलं नाही. मग सांगा, ते एकदाच सांगा, मी टिपून घेते. यापुढे तुम्ही फक्त त्याचा हात धरायचा. जुना माणूस सांगून थकलेला असतो, हात धरायला थकत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला नवशिक्या माणसांकडून घाईने कारखाने चालवून घ्यायचे होते, तेव्हा फोरमन लोकांना शिकवण्याच्या चार पायऱ्या शिकवल्या गेल्या: माणसाला तयार कर, करून दाखव, त्याच्याकडून करून घे, नंतर जाऊन बघ. युद्धानंतर हीच पद्धत जपानच्या कारखान्यांत गेली. दुसरी पायरी तेवढी आता मोबाइलवर जाऊ शकते. उरलेल्या तीन काकांच्याच आहेत, आणि हे त्यांना मोकळेपणाने सांगा.

त्यातली चौथी, नंतर जाऊन बघणं, तुमच्या योजनेत कुठेच नाही. सर्टिफिकेट दिलं, फाइल बंद. १८८५ साली हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की, शिकलेलं सगळ्यात जास्त गळतं ते पहिल्या तासांत आणि पहिल्या एक-दोन दिवसांत. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बोलण्यात, सुपरवायझरने एकच प्रश्न विचारावा, 'नळी तळाला किती वेळ धरायची?' परत तीन आठवड्यांनी दुसरा. व्हिडिओ परत दाखवू नका, आठवायला लावा. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी पाहिलं की, धडा परत वाचणाऱ्यांना लगेच जास्त आठवतं, पण आठवड्याने विचारलं तर न वाचता आठवून लिहिणारे पुढे जातात. टूलबॉक्स टॉकला दोन मिनिटं जास्त लागतील, एवढंच.

साहेबांना दर महिन्याला तुम्ही टक्केवारी पाठवता, ती पाठवत राहा, पण खाली एक ओळ वाढवा: किती जणांनी मीटर बरोबर वापरून दाखवला, ६० पैकी. पहिल्या महिन्यात तो आकडा बहुधा खाली असेल, आणि तुम्हाला तो लपवावासा वाटेल. लपवू नका. साहेब वाईट मनुष्य आहेत असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही. त्यांना आतापर्यंत फक्त चांगलेच आकडे दाखवले गेलेत.

आता त्या वेल्डरबद्दल. त्याला पहिल्याच बॅचमध्ये घ्या, पण बॅचच्या आधी दहा मिनिटं लवकर बोलवा, काका आणि तो दोघेच. तुम्ही तिथे नसलात तर बरं. काकांनी त्याला विचारावं, 'पिन का अडकली, बघूया का?' दोघांनी मिळून मूठ आवळून बघावं, सोडून बघावं. मग त्याला आवडणार असेल तरच विचारा की, सिलिंडरच्या व्हिडिओत चूक कशी होते ते दाखवायला त्याचे हात हवे आहेत. चेहरा येणार नाही, फक्त हात. तो नाही म्हणाला तर विषय तिथेच सोडा. हो म्हणाला तर त्याच दिवशी टिपून घ्या, आणि पुढच्या बॅचला तो व्हिडिओ टॅबवर दाखवताना त्याला मागे उभं राहू द्या.